खुर्ची कोण पुसणार?

आई-बाबांसाठी, आजी-आजोबांसाठी केअर सेंटर बघायला गेलं, की आपण एसी बघतो, बाग बघतो, जेवणाचा मेनू विचारतो. व्हीलचेअरच्या हाताखाली बोट फिरवून कधी बघितलंय? कात्रज परिसरातल्या एका फेरफटक्यात समोर आलेला हा साधा, पण महागात पडणारा प्रश्न...

आपली पिढी तशी सॉलिड चौकस. हॉटेल बुक करण्याआधी चार रिव्ह्यू वाचणार, जिम लावण्याआधी ट्रायल मारणार, ऑफिसातल्या खुर्चीची पाठ जरा वाकडी वाटली तर लगेच अॅडमिनला मेल टाकणार. लॅपटॉपच्या स्क्रीनला वेगळं कापड, कीबोर्डला वेगळे वाइप्स. कोविडनंतर तर बॅगेत सॅनिटायझरची छोटी बाटली असणं हा अनेकांच्या सवयीचाच भाग झाला.

पण घरातल्या एखाद्या ज्येष्ठासाठी केअर सेंटर निवडायची वेळ आली, की हा सगळा चौकसपणा कुठे जातो कोण जाणे! आपण घाईत असतो. हॉस्पिटलमधून डिस्चार्ज उद्या असतो, रजा संपत आलेली असते, घरी जिने असतात आणि लिफ्ट नसते. मग समोर जी स्वच्छ लादी दिसते, फिनाईलचा जो वास येतो, त्यावर आपण ‘चांगलं आहे हं’ असा शिक्का मारून मोकळे होतो.

लादी पुसलेली असतेच हो. प्रश्न लादीचा नाही. त्या लादीवरून जी फिरते, त्या खुर्चीचा आहे.

बंगला तोच, पाटी नवी

कात्रज म्हटलं, की पुणेकरांना आधी सर्पोद्यान आठवतं, मग डेअरीचं दूध, मग घाट. पेशवाईत नानासाहेबांनी इथल्याच तलावाचं पाणी नळांवाटे शहरात नेलं, हे शाळेच्या सहलीत सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पण गेल्या काही वर्षांत कात्रज, धनकवडी, आंबेगाव या पट्ट्यात आणखी एक गोष्ट वाढली. एकेकाळी ‘मातृछाया’ किंवा ‘आशीर्वाद’ अशा नावांनी ओळखले जाणारे बंगले आता केअर सेंटरच्या पाट्या लावून उभे आहेत. कारणं साधी आहेत. मोठं हॉस्पिटल सातारा रस्त्यावरच. बायपास जवळ, म्हणजे मुंबईहून किंवा साताऱ्याहून येणाऱ्या मुलांना सोयीचं. आणि पेठांच्या किंवा कोथरूडच्या मानाने जागा अजून जरा परवडणारी.

आता इथे एक गंमत आहे. पुण्यात ‘नर्सिंग होम’ म्हटलं, की आपल्याला आठवतं डॉक्टर नवरा-बायकोचं दहा-पंधरा खाटांचं हॉस्पिटल. खाली ओपीडी, वर डॉक्टरांचं घर. आपल्यातले निम्मे जण तिथेच जन्मलो! परदेशात मात्र याच शब्दाचा अर्थ वेगळा: जिथे म्हाताऱ्या माणसांना महिनोन् महिने, वर्षानुवर्षं ठेवून घेतात, त्यांची शुश्रूषा करतात ती जागा. आपल्याकडे अशा जागांना कोणी वृद्धाश्रम म्हणतं, कोणी केअर सेंटर, कोणी नुसतंच ‘सेंटर’. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आपल्या राज्यात १९४९ पासून आहे, आणि मुलांनी आई-वडिलांचा सांभाळ करावा म्हणून केंद्राने २००७ मध्ये कायदा केला. पण रोज सकाळी व्हीलचेअर कुणी पुसायची, हे काही कुठला कायदा येऊन बघत नाही. ते त्या घरातल्या शिस्तीवरच ठरतं.

‘ते आमचं काम नाही’

या परिसरातल्या तीन ठिकाणी मी गेले. नावं मुद्दाम देत नाही, कारण कुणाला धरून फटके मारणं हा या लेखाचा उद्देश नाही. तिन्ही ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला: ‘ही खुर्ची कोण पुसतं?’

पहिल्या ठिकाणी सिस्टर म्हणाल्या, “हाउसकीपिंगवाले.” हाउसकीपिंगच्या मावशी म्हणाल्या, “ताई, आम्ही फरशी, बाथरूम आणि खिडक्या करतो. पेशंटच्या सामानाला हात लावायचा नाही असं सांगितलंय.” वॉर्डबॉय दादा म्हणाला, “मी फक्त ढकलतो.” मॅनेजर मॅडम हसून म्हणाल्या, “सगळेच पुसतात ना!”

सगळेच पुसतात याचा अर्थ काय होतो, हे ज्याने कधी रूम शेअर करून राहून बघितलंय त्याला सांगायला नको. सिंकमधली भांडी आठवा.

दुसऱ्या ठिकाणी खुर्ची पुसली जात होती, पण ज्या फडक्याने जेवणाचं टेबल पुसलं त्याच फडक्याने. तिसऱ्या ठिकाणी मात्र प्रत्येक खुर्चीच्या पाठीला एक पुठ्ठा दोऱ्याने बांधलेला. त्यावर तारीख, वेळ आणि सही. सही कसली, एका मावशींचा अंगठाच होता काही ठिकाणी. पण रोजचा होता. तिथल्या पर्यवेक्षक बाईंनी सांगितलं, “नाव लागलं ना, की माणूस काम करतो. नाव नसलं, की काम बेवारस होतं.”

मला वाटतं, या सगळ्या विषयाचा फंडा या एका वाक्यात आहे.

आत्या आणि भिंत

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो माझ्या आत्यामुळे. तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरी जिना असल्यामुळे दोन महिने तिला एका सेंटरमध्ये ठेवावं लागलं. वॉकर तिथलाच होता. पंधरा दिवसांनी फिजिओथेरपिस्टची तक्रार आली: आजी वॉकर घेतच नाहीत, भिंत धरून चालतात. आम्ही सगळ्यांनी तिला फोनवरून झापलं. वय झालं तरी हट्टीपणा जात नाही, वगैरे वगैरे.

मी भेटायला गेले तेव्हा तिला विचारलं, “आत्या, अगं, वॉकर का नाही घेत?”

ती इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “चिकट आहे गं तो. धरवत नाही मला. आणि सांगू कुणाला? म्हणतील, म्हातारीचे नखरे.”

मी वॉकरची मूठ धरून बघितली. खरंच चिकट होती. तेल, घाम, आधीच्या कुणाच्या तरी हाताला लावलेलं मलम, सगळ्याचा थर बसलेला. जिने चाळीस वर्षं ओटा पुसल्याशिवाय रात्री दिवा मालवला नाही, तिने ती मूठ का धरावी? तिने भिंत धरली. भिंत पुढे सरकत नाही, वळणावर साथ देत नाही आणि ओल्या बाथरूमच्या दाराशी तर संपूनच जाते. नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईसाठी हे किती धोक्याचं होतं, ते कळायला डॉक्टर असायची गरज नाही.

स्वच्छता म्हटलं, की आपण जंतू, इन्फेक्शन, औषधं एवढंच धरून चालतो. ते सगळं आहेच. पण घाणेरडी खुर्ची, चिकट वॉकर याचा पहिला परिणाम असा असतो की माणूस ती वस्तू वापरायचंच सोडतो. मग तो पलंगावरून उठत नाही. उठत नाही म्हणून स्नायू सैल पडतात, पाठीला जखमा होतात. आणि घरचे म्हणतात, ‘बाबांनी आता मनच सोडलंय.’ मन नसतं हो सोडलेलं, बऱ्याचदा मूठ सोडलेली असते.

चप्पल बाहेर, चाक आत

आता जरा जंतूंकडे वळू. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हॉस्पिटलमध्ये होणाऱ्या संसर्गावर एक मोठा अहवाल काढला. त्यातला हिशोब असा: श्रीमंत देशांत हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या दर १०० जणांपैकी ७ जणांना तिथे असतानाच एखादा तरी नवा संसर्ग होतो. आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हा आकडा आहे १५. आणि हात धुणं, साफसफाई अशा परवडणाऱ्या उपायांनी यातले ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टाळता येतात, असंही हाच अहवाल सांगतो. हे आकडे हॉस्पिटलचे आहेत, केअर सेंटरचे नाहीत. पण सेंटरमध्ये येणारी बरीच मंडळी हॉस्पिटलमधूनच येतात ना!

हे जंतू कोरड्या पृष्ठभागावर टिकतात किती? स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्वचेवर आणि नाकात आढळणारा जंतू. याचाच एक प्रकार अनेक अँटिबायोटिक्सना दाद देत नाही. हा कोरड्या जागी सात दिवसांपासून ते सात महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतो. हॉस्पिटलमध्ये कुप्रसिद्ध असलेला अॅसिनेटोबॅक्टर तीन दिवसांपासून पाच महिन्यांपर्यंत. उलट्या-जुलाब करवणारा नोरोव्हायरस आठ तासांपासून सात दिवसांपर्यंत. म्हणजे कोपऱ्यात उभी असलेली रिकामी खुर्ची खरं तर रिकामी नसते.

आणि आपल्याकडे एक खास देशी भानगड आहे. आपण हाताने जेवतो. व्हीलचेअर स्वतः चालवणारे काका चाकाच्या बाहेरची गोल कडी हातांनी फिरवत बाथरूममधून व्हरांड्यात, व्हरांड्यातून डायनिंग हॉलमध्ये येतात आणि त्याच हातांनी पोळी मोडतात. चमच्याने खाणाऱ्या देशांपेक्षा आपल्याला हे जास्त कळायला हवं.

दुसरं म्हणजे चाक. आपण चप्पल दाराबाहेर काढतो. ‘बाहेरची चप्पल घरात आणू नकोस’ हे वाक्य प्रत्येक मराठी घरात रोज ऐकू येतं. पण व्हीलचेअरचं चाक अंगणातून, गेटमधून, संडासातून थेट देवघरासमोरच्या आरतीपर्यंत जातं, आणि कुणाला काही वाटत नाही. दारात एक ओलं, एक कोरडं अशी दोन पायपुसणी जरी ठेवली आणि त्यावरून चाकं पुढे-मागे फिरवली, तरी बरीच माती बाहेर राहते.

खुर्चीची कुंडली

आज आपण जी घडीची व्हीलचेअर बघतो, तिचं मूळ १९३३ सालातलं. अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट नावाच्या इंजिनियरला खाणीतल्या अपघातानंतर पायांनी चालता येईना. त्याने हॅरी जेनिंग्ज या दुसऱ्या इंजिनियरबरोबर मोटारीत मावेल अशी, फुलीच्या आकाराच्या नळ्यांवर मिटणारी खुर्ची बनवली. तो फुलीचा सांगाडा अजून तसाच आहे. आणि सगळ्यात जास्त घाणही तिथेच, सीटच्या खाली, फुलीच्या सांध्यात साचते. बिस्किटाचा चुरा, सांडलेला चहा, पावडर, लघवीचे थेंब. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही.

खुर्चीच्या ज्या जागा विसरल्या जातात, त्या जवळपास सगळीकडे सारख्याच:

ढकलायच्या मुठी. दिवसभरात पाच जणांचे हात इथे लागतात.

हातांची खालची बाजू. उठताना माणूस बोटं खाली अडकवून जोर लावतो. वर चकाचक, खाली थर.

ब्रेकचे दांडे आणि पट्टा. पट्टा कापडी असेल तर तो पुसून भागत नाही, धुवावा लागतो.

पुढची छोटी चाकं. यांच्या आसात केस, साडीचे धागे, गाऊनची दोरी गुंडाळून बसते. मग खुर्ची एका बाजूला ओढते आणि आपण म्हणतो, ‘फरशीच वाकडी आहे’. कात्री आणि चिमट्याने पाच मिनिटांचं काम.

रेक्झिनची सीट. जोवर अखंड आहे तोवर पुसता येते. एकदा चीर गेली, आतला स्पंज दिसला, की कितीही पुसा, उपयोग नाही. ओल आत जाते आणि तिथेच मुरते. ओलसर सीटवर तासन् तास बसलेल्या माणसाच्या त्वचेचं काय होणार? अशा वेळी नवी खुर्ची घ्यायलाच हवी असं नाही. रिक्षाचे आणि बाइकचे सीट शिवणारे कारागीर सीट, पाठ आणि हात नव्या रेक्झिनने मढवून देऊ शकतात.

वॉकर आणि काठीच्या टोकाची रबरं. ती धुवून तळ बघायचा. नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर लगेच बदलायची. इथे स्वच्छता आणि घसरून पडणं यांचा थेट संबंध आहे, कारण रबरावर साचलेल्या साबणाच्या आणि धुळीच्या थरानेही काठी सरकते.

फिनाईलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे!

आपल्याकडे स्वच्छता नाकाने ओळखायची पद्धत आहे. वास आला, म्हणजे साफ झालं. पण जंतुनाशक कुठलंही असो, ते मळाच्या थरावर ओतलं तर फारसं काम करत नाही. ब्लीचसारख्या क्लोरीनवाल्या द्रावणाची ताकद तर मळातच खर्च होऊन जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी साबण, मग औषध.

चांगली पद्धत एकदम सिंपल आहे आणि त्यासाठी परदेशी मशिन लागत नाही. रबरी हातमोजे घालायचे. कोमट पाण्यात डिटर्जंट घेऊन कापडाने वरून खाली पुसत यायचं. आधी मुठी आणि हात, मग पाठ, मग सीट, मग पाय ठेवायच्या पाट्या आणि सगळ्यात शेवटी चाकं. चाकांचं कापड परत मुठींना लावायचं नाही. मग स्वच्छ पाण्याच्या कापडाने साबण काढायचा. त्यानंतर जंतुनाशक लावायचं आणि ते लगेच पुसून टाकायचं नाही. बाटलीवर जितकी मिनिटं लिहिली असतील तितकी मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. घाईघाईत फवारा मारून लगेच पुसणं म्हणजे आंघोळीला जाऊन नुसतं अत्तर लावून येणं! शेवटी पुन्हा साध्या पाण्याचं कापड आणि कोरडं कापड. नळ्यांवर ब्लीच राहिलं तर गंज चढतो. पावसाळ्यात तर इथल्या दमट हवेत तो लवकरच दिसायला लागतो.

ब्लीचचं प्रमाण काय? बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल, तर एक भाग ब्लीच आणि ४९ भाग पाणी. म्हणजे अर्ध्या लिटरच्या द्रावणात १० मिली ब्लीच. त्यातून ०.१ टक्क्याचं द्रावण होतं आणि नेहमीच्या पुसण्याला ते पुरतं. रक्त किंवा विष्ठा सांडली असेल, तर आधी ती उचलून, धुवून मग जास्त तीव्र, एकास नऊ पाण्याचं द्रावण. बाजारातल्या बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते, तेव्हा लेबल वाचायचंच. द्रावण रोज ताजं करायचं, कारण ठेवून ठेवून ते कमजोर होतं.

आणि हे अधोरेखित करून ठेवा: ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ‘दोन्ही टाकलं की डबल साफ होतं’ हा समज मी एका ठिकाणी खरोखर ऐकला.

सॅनिटायझर नाही का चालणार? ब्रेकचा दांडा, मूठ अशा छोट्या स्वच्छ जागांना अल्कोहोल चालतं. पण ते पटकन उडून जातं, मळावर काम करत नाही आणि जुलाबाच्या काही जंतूंवर, उदाहरणार्थ क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या बीजाणूंवर, त्याचा उपयोग नसतो. तिथे साबणपाणी आणि ब्लीचच.

बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल तर आधी बंद करायची आणि पाइपने धुवायची नाही. साध्या खुर्चीवरही जोराच्या पाण्याचा फवारा मारला, की पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि आतून गंज धरतो. धुतल्यावर ब्रेक लागतोय ना, हे माणूस बसवण्याआधी बघायचं.

कमोडची खुर्ची हे वेगळं प्रकरण. तिचं कापड वेगळं, बादली वेगळी, जागाही वेगळी. रंगाने ओळखायची सोय सगळ्यात चांगली: लाल कापड फक्त संडास-बाथरूमसाठी, निळं बाकी सगळ्यासाठी. वाचता न येणाऱ्या मावशींनाही रंग कळतो. गादी-उशीचे अभ्रे आणि उचलायचे कापडी झोळणे तर प्रत्येकाचे स्वतंत्र हवेत. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवस तग धरतो आणि लक्षणं पहिल्यांदा दिसायला चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. म्हणजे कुणाकडून आली हे शोधत बसण्यापेक्षा कपडे आणि अभ्रे गरम पाण्यात धुणं सोपं.

मावशींचं गणित

आता दुसरी बाजू. ज्यांनी हे सगळं करायचं त्यांचं काय? मी ज्या मावशींशी बोलले, त्या बारा तासांच्या ड्यूटीत आठ जणांचं बघत होत्या. आंघोळ, डायपर, भरवणं, औषधं, रात्री बेल वाजली की धावणं. एक खुर्ची नीट साफ करायला पंधरा-वीस मिनिटं धरा. आठ खुर्च्यांचे दोन तास होतात. ते दोन तास आणायचे कुठून?

“ताई, माझी सून म्हणते मला हाताला काय वास येतो,” त्या हसत म्हणाल्या आणि हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर भेगा. ब्लीच मोजायला माप नाही, हातमोजे फाटलेले. त्यांना स्वच्छतेवर लेक्चर देण्यात काय अर्थ आहे?

म्हणून तिसऱ्या ठिकाणची युक्ती मला आवडली. तिथे रोज सगळ्या खुर्च्या धुवत नाहीत. रोज फक्त हात लागणाऱ्या जागा पुसतात: मुठी, हात, ब्रेक, चाकाची कडी. तीन-चार मिनिटांत होतं. पूर्ण साफसफाई आठवड्याला एकदा. सोमवारी पहिल्या मजल्याच्या, मंगळवारी दुसऱ्या. आणि एकाची खुर्ची दुसऱ्याला द्यायची असेल तर मात्र मध्ये पूर्ण साफ केल्याशिवाय नाही, मग कितीही घाई असो. दोन खुर्च्या जादा ठेवल्यात, म्हणजे एक वाळत असताना कुणी पलंगावर अडकून पडत नाही. खर्च किती? दोन खुर्च्या, रंगीत कापडं, एक मोजमापाचा कप आणि पुठ्ठ्याची कार्डं.

पुण्याला हे जमायला हवं

खरं तर अपंगत्व, साधनं, पुनर्वसन या बाबतीत पुणं काही कालचं पोर नाही. नव्या पेठेतली ‘निवारा’ ही डेव्हिड ससून यांच्या नावाची संस्था एकोणिसाव्या शतकापासून निराधारांना सांभाळते आहे. लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये पुण्यात सुरू झालं. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून कमरेखालची ताकद गेलेल्या जवानांसाठी काम करतंय. १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारे मुरलीकांत पेटकर आपल्या महाराष्ट्राचेच. ‘चंदू चॅम्पियन’ तुम्ही २०२४ मध्ये बघितलाच असेल.

आणि पुण्याची आणखी एक झकास परंपरा म्हणजे साहित्य उसनं देण्याची. कुठे ज्येष्ठ नागरिक संघ, कुठे गणेश मंडळ, कुठे एखादा ट्रस्ट डिपॉझिटवर किंवा नाममात्र भाड्यात व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, हॉस्पिटलचा पलंग देतो. हजारो घरांची सोय होते. पण एका घरातून दुसऱ्या घरात जाताना मध्ये ती वस्तू कोण धुतं? आपण देताना पुसून देतो का? लायब्ररीचं पुस्तक परत करताना आपण त्यातला बसचा तिकिटाचा तुकडा काढतो, तसं हे. घेताना धुवून घ्यायचं, देताना धुवून द्यायचं.

‘हे सगळं म्हाताऱ्यांचं,’ असं वाटत असेल तर २०२५ चा जानेवारी आठवा. सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडीच्या पट्ट्यात, म्हणजे कात्रजपासून हाकेच्या अंतरावर, गुलेन बॅरी सिंड्रोमची साथ आली होती. दूषित पाण्याशी तिचा संबंध जोडला गेला. त्यात तरुणही होते. पायातली शक्ती जाते आणि बरं होताना काहींना कित्येक आठवडे खुर्ची आणि वॉकरचा आधार लागतो. लिगामेंट तुटलेला तुमचा क्रिकेटवाला मित्र आठवा. काठीला वय नसतं.

शिवाय आपल्याही आई-बाबांचं वय वाढतंच आहे. भारतात २०२२ मध्ये साधारण १०.५ टक्के लोक साठीच्या पुढचे होते. २०५० मध्ये ते २०.८ टक्के असतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो. तेव्हाचे साठीपुढचे म्हणजे कोण, हे आपापलं जन्मसाल घेऊन मोजा. आज पस्तिशीत असलेले आपणच!

भेटीला जाल तेव्हा...

केअर सेंटर बघायला जा किंवा तिथे असलेल्या आपल्या माणसाला भेटायला, पाच मिनिटं या गोष्टींना द्या.

एक, पांढरा टिश्यू घ्या आणि व्हीलचेअरच्या हाताखालून आणि वॉकरच्या मुठीवरून फिरवा. टिश्यूचा रंग खोटं बोलत नाही.

दोन, सीट तळहाताने दाबा. ओल लागते का? चीर आहे का? वास घ्या. लाजू नका.

तीन, विचारा, ‘ही खुर्ची कोण पुसतं?’ उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं तर छान. ‘सगळेच’ आलं तर पुढचा प्रश्न विचारा.

चार, आपल्या माणसाची खुर्ची, वॉकर, काठी त्याचीच आहे का? नावाची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या टेपने चिकटवा. उशीचे दोन जादा अभ्रे देऊन या.

पाच, जाताना मिठाईच्या पुड्याऐवजी जाड रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या न्या. मावशींच्या हातात द्या. मुकादमाच्या नको.

आणि सहावी गोष्ट सगळ्यात सोपी. आपल्या माणसाला विचारा, ‘हे धरायला बरं वाटतं ना?’ बऱ्याच ज्येष्ठांना तक्रार करायची लाज वाटते. आपण पैसे भरतोय, आपल्याला त्रास नको, स्टाफ चिडायला नको, असे दहा विचार त्यांच्या मनात असतात. विचारलं नाही तर ते सांगणार नाहीत. गप्प बसतील आणि भिंत धरतील.

आत्याच्या बाबतीत आम्ही फार काही क्रांती केली नाही. वॉकरच्या मुठींवरचे जुने फोमचे कव्हर कापून काढले, नवे चढवले, एक नॅपकिन दोरीने बांधून दिला आणि सेंटरच्या मॅडमना, न भांडता, पुसायचं काम कुणाच्या तरी नावावर लावायला सांगितलं. त्यांनी लावलं. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टचा फोन आला, की आजी गेटपर्यंत जाऊन आल्या.

तुमचं ऑफिस या शनिवारी सुटलं, की कुणाला तरी भेटायला जायचं राहिलंय का बघा. जाताना टिश्यूचं पाकीट घ्या.